वजन आणि वर्ष : एन्ड्युरो मोटरसायकलच्या आवृत्त्यांचा इतिहास

ग्रंथव्यवहारात आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक केला जातो. लेखकाने मजकुरात हात घातला, काही गाळले, काही घातले, मांडणी बदलली, की ती नवी आवृत्ती. तोच मजकूर नव्या मुखपृष्ठासह छापला की ते पुनर्मुद्रण. प्रकाशक मात्र पुष्कळदा पुनर्मुद्रणालाच आवृत्ती म्हणतो, आणि ग्रंथाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला दोन प्रती शेजारी ठेवून ओळीओळीने पडताळा घ्यावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेली ही पाठचिकित्सेची दृष्टी एखाद्या यंत्राच्या इतिहासाला लावून पाहिली तर काय हाती येते? प्रस्तुत लेखात त्यासाठी एन्ड्युरो मोटरसायकल निवडली आहे. कारण ही मोटरसायकल दर वर्षी 'नवी' होऊन बाजारात येते, आणि तिच्यातले नवेपण खरे की नावापुरते हे तपासण्याचे एक साधन आपल्याकडे आहे, ते म्हणजे तिचे वजन.

प्रथम या प्रकाराविषयी थोडे. मोटोक्रॉसची शर्यत आखलेल्या वर्तुळाकार मार्गावर, अर्ध्या-पाऊण तासात संपते. एन्ड्युरोत मात्र जंगल, चिखल, ओढे, दगडधोंडे यांतून दिवसच्या दिवस, ठरलेल्या वेळापत्रकानुसार मजल मारायची असते. या क्रीडाप्रकाराची सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' ही १९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइल येथे प्रथम भरली. १९८१ पासून तिच्या नावात 'ट्रायल'च्या जागी 'एन्ड्युरो' आले. तिचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आरंभी मोटरसायकलच्या मुख्य भागांवर खुणा केल्या जातात. ते भाग बदलता येत नाहीत. रात्री गाड्या कुंपणात बंद असतात. दुरुस्ती, अगदी टायर बदलण्यापर्यंत, स्वाराने स्वतःच्या हाताने आणि मोजक्या वेळात करायची. म्हणजे सहा दिवस टिकणे आणि रस्त्यात दुरुस्त होणे हे गुण या स्पर्धेने यंत्रावर नियमानेच लादले. वजनाचा प्रश्न त्यामुळेच येथे गुंतागुंतीचा होतो. हलके करायचे, पण कशाच्या मोबदल्यात?

पूर्वार्धात या क्षेत्रावर ब्रिटिश मोटरसायकलींचे वर्चस्व होते. फोर-स्ट्रोक इंजिन, पोलादी सांगाडा, रस्त्यावरच्या गाडीतच थोडा फेरफार करून मैदानात उतरायचे, अशी पद्धत. १९५३ साली ब्रिटनने सिक्स डेजचा मुख्य चषक जिंकला आणि त्या विजयांची परंपरा तेथेच खंडित झाली. १९६४ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एरफुर्ट येथे ही स्पर्धा झाली तेव्हा अमेरिकी संघात चित्रपट अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन होता. त्याच्याकडे ट्रायम्फची ६५० सीसीची मोटरसायकल होती, वजन १७० किलोंच्या आसपास. अपघातामुळे त्याला माघार घ्यावी लागली. त्याच संघातल्या डेव्ह एकिन्स आणि क्लिफ कोलमन यांनी ट्रायम्फवरच सुवर्णपदके मिळवली, तेव्हा जड गाडी चालतच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सांघिक चषक यजमानांनी नेला, आणि तो एमझेडच्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांवर. १९६३ ते १९६७ अशी सलग पाच वर्षे पूर्व जर्मनीने तो सोडला नाही. त्यानंतर १९७० ते १९७४ ही पाच वर्षे जावाच्या टू-स्ट्रोकवर चेकोस्लोव्हाकियाची होती.

टू-स्ट्रोक इंजिन हलके असते त्याचे कारण त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यात आहे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाची स्वतंत्र टाकी-पंपाची यंत्रणाही बहुधा नाही. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होत असल्याने लहान आकारातून पुरेशी शक्ती मिळते. एमझेडच्या चोपाऊ येथील कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने सायलेन्सरच्या पोकळीला असा आकार दिला की बाहेर निघालेल्या वायूच्या दाबलहरी परतून ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये कोंबतील. पत्र्याच्या एका फुगीर नळीने इंजिनाची ताकद वाढली. वजन जवळजवळ वाढले नाही. १९६१ साली एमझेडचा शर्यतस्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान त्याच्यासोबत सुझुकीकडे पोहोचले. १९७० मध्ये जोएल रोबेरने सुझुकीवर २५० सीसी मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले तेव्हा त्या गाड्यांचा हलकेपणा हाच चर्चेचा विषय होता. पुढे लवकरच आंतरराष्ट्रीय महासंघाला मोटोक्रॉसच्या गाड्यांसाठी किमान वजनाची मर्यादा घालावी लागली. हलके करण्याच्या चढाओढीला बाहेरून लगाम घालावा लागतो, ही गोष्ट बोलकी आहे.

कारण ती चढाओढ कोठवर जाते याचे उदाहरण ताजे होते. ब्रिटनच्या बीएसए कंपनीने, जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ अशी दोन वर्षे ५०० सीसी मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवून दिल्यावर, १९६६ साठी त्याच्या मोटरसायकलला टायटॅनियमचा सांगाडा बनवला. पोलादापेक्षा हलका, आणि कागदावर पुरेसा मजबूत. पण टायटॅनियमची वेल्डिंग उघड्या हवेत होत नाही. त्यासाठी निष्क्रिय वायूचे आवरण लागते. पोलादी चेसिस मोडली तर शर्यतीच्या ठिकाणचा कोणीही जाणता वेल्डर ती जोडून देई. ही मोडली की गाडी कारखान्यात न्यावी लागे. त्या वर्षीचे जगज्जेतेपद सीझेडच्या टू-स्ट्रोकवर पाउल फ्रीडरिक्सने मिळवले. बीएसएने कमी केलेले किलो फुकट आले नव्हते. त्यांची किंमत दुरुस्तीच्या सोयीने चुकवली होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सूत्र येथे हाती लागते. वजन नुसते कमी होत नाही, ते कशातून तरी काढून घेतले जाते. कधी टिकाऊपणातून, कधी दुरुस्तीच्या सोयीतून, कधी ग्राहकाच्या खिशातून.

तरीही हलकेपणाचा आग्रह हा केवळ अभियंत्यांचा हट्ट नव्हता, हे जॉन पेंटनच्या उदाहरणावरून दिसते. अमेरिकेतल्या ओहायोचा हा स्वार व विक्रेता. १९५९ मध्ये बीएमडब्ल्यूवरून न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर ५२ तास ११ मिनिटांत कापण्याचा विक्रम त्याने केला होता. मोठ्या गाडीचे गुण त्याला ठाऊक होते. पण जंगलातल्या वाटेवर लहान गाडीच हवी, असे त्याचे ठाम मत झाले, आणि ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेन येथील केटीएम या तेव्हा फारशा प्रसिद्ध नसलेल्या कंपनीकडून १९६८ मध्ये त्याने १२५ सीसीची मोटरसायकल बनवून घेतली. तिचे इंजिन झाक्स कंपनीचे होते. अमेरिकेत ती 'पेंटन' या नावाने विकली गेली. केटीएमच्या एन्ड्युरो परंपरेचा उगम या गाडीत आहे.

पेंटनच्या मतामागचे गणित साधे आहे. ७५ किलोंचा स्वार १७० किलोंच्या गाडीवर बसला तर एकूण वजनात त्याच्या शरीराचा वाटा सुमारे ३० टक्के. १०३ किलोंच्या गाडीवर तोच वाटा ४२ टक्क्यांवर जातो. एन्ड्युरोचा स्वार बहुतेक वेळ फूटरेस्टवर उभा असतो आणि शरीर पुढे, मागे, बाजूला झुकवून गाडीला दिशा देतो. त्याच्या वाट्याचे वजन जितके अधिक, तितका त्याच्या हालचालीचा परिणाम अधिक. शिवाय येथे गाडी पडते, आणि ती उचलावी लागते. सकाळी पडलेली आणि तिसऱ्या प्रहरी पडलेली गाडी काट्यावर सारखीच भरते. उचलणाऱ्याला मात्र ती सारखी लागत नाही.

आता वर्षाकडे वळू. दर वर्षी नवे मॉडेल ही कल्पना मोटरसायकलींच्या गरजेतून आलेली नाही. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ पर्यंत मूळ रूपात फारशी न बदलता विकली जात होती. तिला शह देण्यासाठी जनरल मोटर्सने आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखाली १९२० च्या दशकात वार्षिक बदलाचे धोरण रुजवले. कालची गाडी बिघडलेली नसली तरी आज ती जुनी वाटावी, हा त्याचा हेतू. मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोच्या बाजारात हे चक्र १९७० नंतर जपानी कंपन्यांच्या स्पर्धेने पक्के झाले. गंमत अशी की मॉडेलचे वर्ष पंचांगाच्या पुढे धावते. २०२४ च्या गाड्या २०२३ च्या मध्यावरच जाहीर झालेल्या असतात.

आपल्याकडच्या वाचकाला याच्या नेमका उलट अनुभव आहे. जावाच्या परवान्यावर म्हैसूरला तयार होऊ लागलेली आणि पुढे येझदी झालेली टू-स्ट्रोक मोटरसायकल १९९६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मूळ घडणीशी प्रामाणिक राहिली. तिचे सुटे भाग गावोगाव मिळत, कोणत्याही गॅरेजातला फिटर ती उघडू शके, आणि 'कोणत्या सालची?' या प्रश्नाला खरेदी-विक्रीपलीकडे फारसा अर्थ नसे. ही बंद अर्थव्यवस्थेची देणगी होती; तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. बदल न झाल्याने ब्रेक आणि दिवे जुनेच राहिले, ही तिची दुसरी बाजू. पण वार्षिक बदल हा निसर्गनियम नव्हे, एवढे या उदाहरणावरून कळते.

मग वार्षिक आवृत्त्यांत खरे बदल कोणते? १९९८ च्या मॉडेलसाठी यामाहाने फोर-स्ट्रोक परत आणले. वायझेड ४०० एफ ही मोटोक्रॉसची, डब्ल्यूआर ४०० एफ ही एन्ड्युरोची. नियमांनी फोर-स्ट्रोकला अधिक सीसीची मुभा दिली होती. व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट परतले, त्यांच्याबरोबर काही किलो परतले. ते किलो कमी करण्यासाठी टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, आखूड पिस्टन, अधिक वेगाने फिरणारी इंजिने आली. याची किंमत देखभालीत मोजावी लागली. अशा इंजिनाचे आयुष्य वर्षांत न मोजता तासांत मोजले जाऊ लागले आणि हँडलवर तास मोजणारे मीटर दिसू लागले. येथे मजकूर बदलला होता, आणि वाचकावरचा भारही.

हुसाबर्गने २००९ मध्ये वेगळी वाट चोखाळली. सिलिंडर ७० अंशांच्या कोनात पुढे झुकवून त्यांनी फिरणारा क्रँकशाफ्ट गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ आणला. गरगर फिरणारी वस्तू दिशा बदलायला विरोध करते. ती मध्याजवळ असली की हा विरोध कमी जाणवतो. काट्यावर ही गाडी काही विशेष हलकी नव्हती, पण चालवताना हलकी वाटे. वजन हा आकडा आहे तसाच अनुभवही आहे, हे या प्रयोगाने दाखवले. व्यापारात मात्र तो टिकला नाही. केटीएमच्या समूहात असलेल्या हुसाबर्गला पुढे केटीएमचीच इंजिने मिळाली आणि काही वर्षांत ते नावही हुस्कवार्नात विलीन झाले.

केटीएमच्या ३०० सीसी टू-स्ट्रोक एन्ड्युरोचा प्रवास पाहिला तर आवृत्ती आणि पुनर्मुद्रण स्पष्ट वेगळे काढता येतात. सुमारे २००८ मध्ये तिला सेल्फ स्टार्ट मिळाला. मोटर आणि बॅटरीने वजन वाढले, तरी स्वारांनी ते आनंदाने स्वीकारले, कारण चढावर अडकल्यावर किक मारण्यात जाणारी शक्ती वाचली. किलो वाढूनही थकवा कमी झाला! २०१७ मध्ये गाडी नव्याने घडवली गेली. कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आला. पण कार्बोरेटर होता, आणि पुढच्याच, म्हणजे २०१८ च्या मॉडेलात, प्रदूषणाच्या युरोपीय नियमांच्या रेट्याखाली इंधन-इंजेक्शन आले. २०१७ ची गाडी घेणाऱ्याला एका वर्षात ती मागील युगातली वाटू लागली असल्यास नवल नाही. मग २०२४ मध्ये पुन्हा मोठी फेररचना झाली. मधल्या वर्षांत नुसते पुनर्मुद्रण झाले असे नाही. क्लच, सस्पेन्शन, चेसिस यांत बारीक दुरुस्त्या होत राहिल्या. पण कित्येक वर्षी ठळकपणे नवे होते ते स्टिकर आणि रंग. या गाड्यांचे जाहीर केलेले वजन बहुधा पेट्रोलविना असते, हेही लक्षात घ्यावे. ९ लिटरची टाकी भरली की जवळजवळ ७ किलो वाढतात. एवढे वजन प्रत्यक्ष कमी करायला कारखान्याला अनेक वर्षे लागतात.

पाठभेदाचाही एक नमुना येथे सापडतो. हुस्कवार्ना २०१३ मध्ये आणि गॅसगॅस त्यानंतर काही वर्षांनी या समूहाच्या छत्राखाली आली. इंजिन तेच, सांगाडा बव्हंशी तोच, रंग मात्र नारिंगी, पांढरा-निळा आणि लाल. तरी केटीएमच्या एन्ड्युरोत मागचा शॉकअप्सॉर्बर थेट स्विंगआर्मला जोडलेला, तर हुस्कवार्नात मध्ये सांध्यांची जोडणी. पहिली रचना हलकी आणि ओंडक्यांवर कमी अडणारी. दुसरी काहीशी जड, पण तिच्यात चाकाची हालचाल अधिक तपशिलाने आखता येते. एका मजकुराच्या या दोन वाचनांत अर्थपूर्ण फरक आहे. रंगांच्या फरकाबद्दल तसे म्हणता येत नाही.

आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज केला. गोदामांत आणि दुकानांत लाखोंच्या संख्येने न विकलेल्या मोटरसायकली उभ्या होत्या. माटिगहोफेनचे उत्पादन थांबले, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कारणे अनेक होती, आणि त्या गाड्यांत एन्ड्युरोपेक्षा रस्त्यावरच्या गाड्यांचा भाग मोठा होता. पण वार्षिक चक्राचा यातला वाटा नाकारता येत नाही. वर्ष उलटले की गोदामातली न वापरलेली गाडीही 'मागच्या सालची' होते आणि तिची किंमत उतरते. जी युक्ती ग्राहकाकडची गाडी जुनी करण्यासाठी योजली होती, ती कारखान्याच्या स्वतःच्या मालावर उलटते. २०२५ मध्ये या कंपनीला सावरले ते पुण्याच्या बजाज ऑटोने. २००७ पासून ती केटीएमची भागीदार होती आणि चाकणच्या कारखान्यात तिच्या लहान गाड्या बनवत होती. त्याच वर्षी चाकणची '३९० एन्ड्युरो आर' भारतात आली. तिचे वजन दीडशे किलोंहून अधिक आहे, म्हणजे पेंटनने ज्या वजनाकडे पाठ फिरवली होती त्याच्या जवळपास. सामान्य रस्ता, सेवेचे लांब अंतर आणि आवाक्यातली किंमत यांसाठी हे वजन समर्थनीय असेल. पण 'एन्ड्युरो' या शब्दाचा अर्थ तोवर विस्तारला आहे, हे नोंदवले पाहिजे.

या इतिहासातून एक वाचनपद्धती सुचते. नवे मॉडेल समोर आले की वर्षाचा आकडा बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. काट्यावर काय बदलले? ते कशातून काढले किंवा कशासाठी वाढवले? आणि त्याचा भार आता कोणावर आहे, स्वारावर, फिटरवर की कामगारावर? तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले तर ती आवृत्ती. उत्तरच नसेल तर ते पुनर्मुद्रण, आणि पुनर्मुद्रणाला आवृत्तीची किंमत देण्याचे कारण नाही.