सिकंदर बागेचे छायाचित्र
सिकंदर बागेचे छायाचित्र : १८५७ च्या उठावातील संहाराचे अवशेष दाखविणारे, फेलीचे बेआतो (१८३२–१९०९) या इटालियन-ब्रिटिश छायाचित्रकाराने १८५८ मध्ये लखनौ येथे घेतलेले छायाचित्र. युद्धातील मृतांच्या सर्वांत जुन्या ज्ञात छायाचित्रांत त्याची गणना होते.

लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या ब्रिटिशांच्या सुटकेसाठी निघालेल्या सर कॉलिन कँबेल याच्या सैन्याने १६ नोव्हेंबर १८५७ रोजी वाटेवरील सिकंदर बाग हल्ला करून घेतली. उंच भिंतींच्या आत कोंडले गेलेले सु. २,००० भारतीय सैनिक या वेळी मारले गेले. मार्च १८५८ मध्ये ब्रिटिशांनी लखनौ पुन्हा जिंकले. क्रिमियन युद्धाची छायाचित्रे घेऊन भारतात आलेला बेआतो त्यानंतर तेथे पोहोचला. म्हणजे चकमक आणि छायाचित्र यांत चार महिन्यांहून अधिक काळ लोटला होता.

छायाचित्रात मागे तोफांच्या माऱ्याने भग्न झालेली खांबांची इमारत, पुढे मोकळ्या जागेत विखुरलेल्या कवट्या व हाडे आणि त्यांच्यामागे काही भारतीय माणसे व एक घोडा दिसतात. तत्कालीन काचपट्ट्यांना दीर्घ उद्भासन लागत असल्याने हलणाऱ्या वस्तूंचे स्पष्ट चित्रण शक्य नव्हते. त्यामुळे प्रत्यक्ष लढाई टिपता येत नसे. तिच्यामागे उरलेले तेवढेच टिपता येई. त्या काळचे ब्रिटिश अधिकारी सर जॉर्ज कँबेल यांच्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींनुसार, झाकलेले अवशेष छायाचित्रकाराने चित्रणासाठी मुद्दाम उघडे करविले. हाडांची मांडणीही त्यानेच केली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

अशा चित्रात परिणाम दिसतो; कर्ता आणि कारण दिसत नाही. ती उणीव शीर्षक भरून काढते. या चित्राच्या प्रचलित इंग्रजी शीर्षकात ९३ वी हायलँडर्स व ४ थी पंजाब या पलटणींनी दोन हजार ‘बंडखोरां’ची कत्तल केल्याचा उल्लेख आहे. कानपूरच्या हत्याकांडाने संतप्त झालेल्या ब्रिटिश प्रेक्षकास ते न्याय्य शिक्षेचे चित्र वाटले, तर पुढील काळातील भारतीय वाचकास तीच हाडे अंत्यसंस्कारही न लाभलेल्या सैनिकांची साक्ष वाटतात.

हा प्रश्न केवळ भारतापुरता नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये गेटिझबर्ग येथे अलेक्झांडर गार्डनर व त्याच्या सहकाऱ्यांनी एकच मृतदेह हलवून दोन ठिकाणी चित्रित केला, हे १९६० नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तथापि मांडणी कृत्रिम असली, तरी मृत्यू खरा होता. म्हणून असे छायाचित्र पुरावा म्हणून स्वीकारताना ते केव्हा घेतले, अवशेष कोणी मांडले आणि शीर्षक कोणी दिले, या तीन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते. वृत्तपत्रांत छायाचित्रे सर्रास छापली जाऊ लागल्यावरही ही आवश्यकता कमी झालेली नाही.