स्वस्त प्रोसेसर, जुना मदरबोर्ड आणि खानदेशचा उन्हाळा

संगणकाच्या प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो: मदरबोर्डवरून मिळणाऱ्या स्पंदनांची वारंवारता, म्हणजे बसचा वेग, आणि प्रोसेसरमध्ये ठरवून दिलेला गुणक. कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आणि 1998 च्या सुमारास इंटेलने गुणक कुलूपबंद केल्यावर बसचा वेग वाढवण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाही, त्यामुळे या उद्योगात प्रोसेसरइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मदरबोर्डला आले.

24 ऑगस्ट 1998 रोजी इंटेलने पेंटियम टू 450 आणि सेलेरॉन 300ए हे दोन प्रोसेसर एकाच दिवशी बाजारात आणले. पहिल्याची घाऊक किंमत 669 डॉलर, तर दुसऱ्याची 149 डॉलर होती. सेलेरॉनचा गुणक साडेचार आणि बस 66 मेगाहर्ट्झची असली, तरी 440बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डवर बस 100 मेगाहर्ट्झ करताच तो 450 मेगाहर्ट्झने धावू लागे. बोर्डला मूळ वेग ओळखू येऊ नये म्हणून बी21 हा संपर्क चिकटपट्टीने झाकण्याची युक्तीही तेव्हा रूढ झाली. यामागचे कारण कारखान्यातच होते: उत्पादनाची प्रत सुधारली की बहुतेक चिपा अधिक वेग सोसू शकतात, पण स्वस्त मालाची मागणी भागवण्यासाठी त्यांवर कमी वेगाचा शिक्का मारला जातो. शिवाय सेलेरॉनमधील 128 किलोबाइटची कॅश, म्हणजे लगतची जलद स्मृती, चिपच्याच पूर्ण वेगाने चालत असल्याने पेंटियमच्या अर्ध्या वेगाच्या 512 किलोबाइट कॅशपुढे ती फारशी उणी पडत नसे.

जुन्या मदरबोर्डवर मात्र हिशेब बदलत असे. 440एलएक्स चिपसेटचे बोर्ड 66 मेगाहर्ट्झसाठी घडवलेले असल्याने त्यांवर बस 75 किंवा फार तर 83 पर्यंत नेता येई, आणि 83 ला पीसीआय जोडण्या 33 ऐवजी 41 मेगाहर्ट्झच्या वर जाऊन हार्ड डिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका उभा राहत असे. अशा ठिकाणी साडेचार गुणकाच्या 300ए पेक्षा साडेपाच गुणकाचा सेलेरॉन 366 अधिक उपयोगी ठरे, कारण 75 मेगाहर्ट्झच्या सुरक्षित बसवरही तो 412 मेगाहर्ट्झ गाठे. बोर्ड दुबळा असेल तर गुणक मोठा निवडावा, हा नियम पुढची दहा वर्षे टिकला.

महाराष्ट्रात सुट्या भागांची मोठी पेठ मुंबईचा लॅमिंग्टन रोड होती. भारताने 1997 मध्ये माहिती-तंत्रज्ञान करारात सहभाग घेतल्यानंतर आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरून 2005 मध्ये शून्यावर आले, आणि सुटे भाग जोडून घेतलेला, म्हणजे असेंबल्ड, संगणक मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला.

खानदेशातील असोदा आणि जळगाव परिसराचा विचार करताना एक गोष्ट परदेशी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही, ती म्हणजे इथला उन्हाळा. वाऱ्याने थंड होणारी चिप खोलीपेक्षा अधिक थंड होऊच शकत नाही. 25 अंशांच्या खोलीत 60 अंशांवर चालणारा प्रोसेसर 45 अंशांच्या खोलीत जवळपास 80 अंशांपर्यंत जातो. उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दाब न चढवता मिळेल तेवढाच वेग घेणे हे खानदेशात शहाणपणाचे होते, आणि जानेवारीत स्थिर चाललेल्या वेगाची खरी परीक्षा मे महिन्यातच होत असे.

याच कसोटीवर 2008 चा पेंटियम ई5200 विशेष उतरतो. 2007 च्या 65 नॅनोमीटरच्या ई2160 चा गुणक नऊ होता, तर 45 नॅनोमीटर तंत्राच्या, म्हणून कमी तापणाऱ्या, ई5200 चा गुणक साडेबारा. 945 मालिकेच्या चिपसेटच्या जुन्या बोर्डवर बस 200 वरून 266 मेगाहर्ट्झ केली, तर पहिला 2.4 गिगाहर्ट्झवर थांबतो आणि दुसरा 3.33 पर्यंत पोहोचतो. मात्र त्या बोर्डच्या बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत, नव्या चिपची ओळख असावी लागे. जुन्या बोर्डचा मालक असलेल्यासाठी त्या काळातील याहून योग्य निवड दाखवणे अवघड आहे.

जानेवारी 2011 मध्ये आलेल्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने पीसीआय एक्सप्रेस आणि साटा जोडण्यांची स्पंदने प्रोसेसरच्या 100 मेगाहर्ट्झच्या मूळ स्पंदनाशीच बांधली. त्यानंतर बस वाढवून मिळणारा लाभ जेमतेम काही टक्क्यांवर आला, आणि खुला गुणक प्रामुख्याने ‘के’ अक्षराच्या महाग प्रोसेसरपुरता उरला. 2014 चा स्वस्त पेंटियम जी3258 हा त्याला ठळक अपवाद होता.