ही गोचीड रॉकेलात टाकू नका

20 ऑगस्ट 2017, पोळ्याची आदली संध्याकाळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोठ्यात तुम्ही बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकताय. हात गळ्याच्या पोळीखाली सरकतो आणि बोटाला लागते एरंडीच्या बीएवढी टम्म गोचीड. (एरंडाच्या शास्त्रीय नावातल्या ‘रिसिनस’चा अर्थही गोचीडच.) जांघेत, शेपटीखाली आणखी आहेत. कोपऱ्यात फवारणीचा पंप ठेवलाय. या हंगामात कपाशी फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावणार आहेत. गोचिडीवरही तुमच्याजवळ विषच आहे, डेल्टामेथ्रिन नाही तर अमिट्राझ, आणि गोचिडी त्याला सरावत चालल्यात.

मागं चला. डिसेंबर 1889, पुण्याचं सायन्स कॉलेज. जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा उघडतेय. तुम्ही गोचिडीचं विचारता. इथं धास्ती बुळकांडीची. गोचीड रोग पसरवते हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न अमेरिकेत 1893 मध्ये दाखवतील.

1980 चं दशक, ऑस्ट्रेलिया. पीटर विलाडसेन आणि सहकारी ढिगानं गोचिडी वाटतात, त्यातली प्रथिनं वेगळी करतात, गुरांना टोचून पाहतात. चाळून चाळून हाती येतं ‘बीएम 86’, गोचिडीच्या आतड्यातलं. गोचीड चावली तरी हे प्रथिन गाईच्या अंगात जात नाही, म्हणून गाईला त्याची ओळखच नसते. लस ती ओळख करून देते. मग गोचीड प्रतिपिंडांनी भरलेलं रक्त पिते आणि तिचंच आतडं आतून फाटतं. इतकी नेमकी युक्ती मला दुसरी माहीत नाही. 1994 मध्ये ही लस तिथल्या बाजारात येते.

आता 2009 च्या सुमाराचं इज्जतनगर. पुण्यात सुरू झालेली तीच संस्था, आता भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. संकरित वासराच्या कानावर कापडी पिशवी चिकटवलीय, आत गोचिडी. आपल्याकडच्या हायलोमा गोचिडीचं, ‘बीएम 86’ च्या जातीचंच प्रथिन ‘एचएए 86’ पारखलं जातंय. तुम्ही तराजूजवळ उभे राहा. पोट भरून किती गळल्या, त्यांचं वजन किती, अंडी किती घातली, त्यातली किती फुटली, यावरून प्रथिनाची लायकी ठरते. लस टोचलेल्या वासरावरही गोचिडी दिसतील, निराश होऊ नका. लसीचा घाव गोचिडीच्या पुढच्या पिढीवर आहे. गुरांवरची एक मादी दोन-तीन हजार अंडी घालू शकते.

परत कोठ्यात या. गोचीड अजून चिमटीतच आहे. ‘बीएम 86’ ची घडण मुलखामुलखात थोडी बदलते, म्हणून एकीकडे गुणकारी ठरलेली लस दुसरीकडे कमी पडते. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठानं यवतमाळच्या गोचिडींवर, यवतमाळच्या गुरांवर ही पारख करायला हवी. ती गोचीड रॉकेलात टाकू नका. बाटलीत घाला, पोळा झाल्यावर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि हिची जात कोणती, हिच्यावर कुठलं औषध अजून चालतं, ते विचारा.