तिसऱ्या मुलाच्या वाट्याचा पाव

१/ ६ मे १७९५. इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात न्यूबरी गावाला लागून असलेल्या स्पीनहॅमलँड येथे 'पेलिकन' नावाच्या सराईत परगण्याचे दंडाधिकारी जमले होते. आदल्या वर्षीचे पीक बुडाले होते, हिवाळा विलक्षण कडक गेला होता, फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि पावाचे भाव शेतमजुरांच्या आवाक्याबाहेर गेले होते. मजुरीचे दर सक्तीने वाढवावेत का, हा बैठकीपुढील मूळ प्रश्न. दंडाधिकाऱ्यांनी सक्ती नाकारली. मालकांनी आपणहून मजुरी वाढवावी, अशी शिफारस करून त्यांनी तुटीसाठी एक तक्ता तयार केला. मूल वाढले की सरकारी मदत वाढावी का, या आजच्या वादाची मुळे त्या तक्त्यापर्यंत पोहोचतात.

२/ तक्त्याचे गणित सोपे होते. सुमारे चार किलो वजनाचा 'गॅलन पाव' एका शिलिंगाला मिळत असेल, तर कष्टकरी गरिबाच्या घरात आठवड्याला त्याच्यासाठी ३ शिलिंग आणि पत्नी व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग आले पाहिजेत. मजुरी कमी पडली तर उरलेली रक्कम पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार आखलेल्या स्थानिक विभागाने, गरिबांसाठी वसूल केलेल्या करातून द्यायची. पाव महागला की रक्कमही वाढायची. दोन मुलांच्या कुटुंबाचा आकडा साडेसात शिलिंग, तीन मुलांच्या कुटुंबाचा नऊ.

३/ मुलाच्या नावाने धरलेल्या दीड शिलिंगात दीड पाव येत असे. त्यातच घरभाडे, सरपण आणि जोडे भागवायचे. ही रक्कम चैनीची नव्हती, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील दोनशे वर्षांचा वाद अधिक नीट समजतो.

४/ प्रारंभी राज्यकर्त्यांना मोठे कुटुंब ही राष्ट्राची संपत्ती वाटत होती. १७९६ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी संसदेत असे मत मांडले, की ज्यांना अनेक मुले आहेत त्यांना मिळणारी मदत लाजिरवाणी न ठरता हक्काची आणि सन्मानाची ठरावी. युद्धकाळातील देशाला माणसे हवी होती. मात्र पिट यांचे गरिबांविषयीचे विधेयक बारगळले, आणि दोनच वर्षांत वाऱ्याची दिशा बदलली.

५/ १७९८ मध्ये लोकसंख्येच्या सिद्धांतावरील एक निबंध निनावी प्रसिद्ध झाला. लेखक होते थॉमस रॉबर्ट माल्थस. पोसण्याची ऐपत नसतानाही माणूस पॅरिशच्या भरवशावर लग्न करतो. त्यामुळे तोंडे वाढतात, अन्न वाढत नाही, आणि कायदा ज्यांना पोसू पाहतो ते गरीब स्वतःच निर्माण करतो, असा त्यांचा आरोप होता. १८०३ च्या आवृत्तीत त्यांनी उपायही सुचवला : कायदा झाल्यानंतर एका वर्षाच्या पुढे होणाऱ्या विवाहांतून जन्मलेल्या कोणत्याही मुलाला पॅरिशची मदत मिळू नये.

६/ या विचाराचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १८०५ मध्ये माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात इतिहास आणि राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे हेलीबरी येथे स्थिरावलेल्या या संस्थेत हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी घडत. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनमध्ये जमीन-मोजणी आणि महसूल-आकारणीचे काम हाती घेणारा रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तेथे माल्थस यांचाच विद्यार्थी होता. इंग्लंडमधील पावाचा वाद आणि पुणे जिल्ह्यातील शेतसारा या दोहोंवर एकाच वर्गखोलीतील अर्थशास्त्राची सावली पडली होती.

७/ १८३२ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने जुन्या व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला. भत्त्यामुळे मजूर आळशी होतो, मजुरी घसरते आणि अविचाराने लग्ने होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. १८३४ च्या नव्या कायद्यामागील धोरण असे, की धडधाकट माणसाला घरबसल्या मदत न देता 'वर्कहाउस'मध्ये दाखल करावे. तेथे नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या दालनांत ठेवले जाई. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माल्थस यांचे निधन झाले. त्यांच्या सूचनेपेक्षा कायदा सौम्य होता, पण त्यामागील संशय त्यांचाच होता.

८/ तो संशय खरा होता का? १९६३ मध्ये अर्थशास्त्राचे इतिहासकार मार्क ब्लॉग यांनी कार्यकारणाची साखळी उलटी मांडली. मजुरी आधीच अपुरी होती आणि गव्हाच्या प्रदेशांत वर्षातले कित्येक महिने काम नसे, म्हणून भत्ता द्यावा लागला. जेम्स ह्यूझेल यांनी पॅरिशनिहाय नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना माल्थस यांच्या आरोपाला आधार सापडला नाही. उलट जॉर्ज बॉयर यांच्या सांख्यिकी अभ्यासात भत्त्याचा जन्मदरावर परिणाम दिसला. वाद मिटलेला नाही. मात्र जेथे असा भत्ता फारसा रुजला नव्हता, त्या उत्तरेकडील औद्योगिक भागांतही लोकसंख्या वेगाने वाढत होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

९/ प्रश्नाला नवे वळण दिले ते एलिनॉर रॅथबोन यांनी. पहिल्या महायुद्धात आघाडीवरील सैनिकांच्या पत्नींना सरकारकडून भत्ता मिळे. मुलांच्या संख्येप्रमाणे तो वाढे आणि थेट पत्नीच्या हाती पडे. लिव्हरपूलमध्ये या कामाची व्यवस्था पाहताना रॅथबोन यांनी पाहिले, की नवरा दूर असूनही कित्येक घरांत मुले पूर्वीपेक्षा चांगली जेवत होती. घरात किती पैसा येतो याइतकेच तो कोणाच्या हाती येतो यालाही महत्त्व आहे, हा धडा त्यांनी आयुष्यभर जपला.

१०/ १९२४ मध्ये त्यांचे 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक आले. पुरुषाची मजुरी पत्नी आणि तीन मुले पोसण्याइतकी असावी, ही त्या काळची सर्वमान्य कल्पना. रॅथबोन यांनी तिचा हिशेबच मांडला. प्रत्येक पुरुषाला असे वेतन दिले तर अस्तित्वातच नसलेल्या सुमारे १ कोटी ६० लाख मुलांचा खर्च वेतनात धरला जाईल. आणि ज्यांना खरोखर तीनहून अधिक मुले आहेत, त्यांची वरची मुले मात्र हिशेबाबाहेरच राहतील. वेतन कामावर ठरते, मुलांची संख्या त्याला ठाऊक नसते. म्हणून मुलाचा खर्च समाजाने वेगळा उचलावा, हा त्यांचा निष्कर्ष होता. भत्ता मिळू लागला की मालक मजुरी दाबतील, या भीतीने अनेक कामगार संघटना मात्र दीर्घकाळ साशंक राहिल्या.

११/ १९३० च्या दशकात जन्मदर इतका उतरला, की माल्थस यांच्या देशात आता माणसे कमी पडण्याची चिंता सुरू झाली. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने पहिले मूल वगळून प्रत्येक मुलामागे आठवड्याला सरासरी ८ शिलिंग सुचवले. १९४५ च्या कायद्यात ते ५ झाले. मूळ विधेयकात पैसे वडिलांच्या नावे होते. तोवर खासदार झालेल्या रॅथबोन यांनी, तसे राहिले तर आपण विधेयकाविरुद्ध मत देऊ, असे बजावले. अखेर रक्कम आईच्या नावे झाली. ६ ऑगस्ट १९४६ पासून भत्ता सुरू झाला. तो पाहायला रॅथबोन नव्हत्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला होता.

१२/ युद्धोत्तर काळात जन्म वाढले, याचे श्रेय ५ शिलिंगांना द्यावे का? ब्रिटनमधील जन्मदर भत्त्यापूर्वीच, युद्ध चालू असतानाच, वर चढू लागला होता. अमेरिकेत तर असा कुटुंबभत्ता नव्हता आणि तेथील वाढ अधिक मोठी होती. रोजगार, घरे, लग्नाचे उतरलेले वय आणि उद्याविषयीचा भरवसा यांचे वजन त्या नाण्यांहून जास्त ठरले.

१३/ १९७७ पासून नव्या बालभत्त्यात पहिल्या मुलाचाही समावेश झाला. मग २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी 'दोन अपत्यांची मर्यादा' जाहीर केली. बालभत्ता सर्व मुलांना मिळत राहिला. पण ६ एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या व पुढील मुलासाठी कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळणारी आणखी एक रक्कम, त्या वेळी वर्षाला सुमारे २,७८० पौंड, काही अपवाद सोडता बंद झाली. स्वतःच्या कमाईवर जगणारी कुटुंबे जसा ऐपतीचा विचार करून मूल होऊ देतात, तसाच विचार मदत घेणाऱ्यांनीही करावा, असे सरकारचे म्हणणे होते.

१४/ माल्थस यांच्या १८०३ च्या सूचनेत आणि या नियमात एक विलक्षण साम्य आहे. दोन्हींत एक तारीख ठरते आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाला आई-वडिलांच्या निर्णयाचा भार उचलावा लागतो. पण तिसरे मूल झाल्यानंतर नोकरी गेली, आजार आला किंवा जोडीदार दुरावला, तर निर्णय मागे कसा घ्यायचा? नियमाच्या कक्षेत आलेल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांत कोणीतरी कमावते होते.

१५/ ब्रिटिश विद्यापीठांतील संशोधकांनी परिणाम मोजला, तेव्हा कमी उत्पन्नाच्या घरांतील तिसऱ्या मुलांच्या जन्मात अगदी थोडी घट आढळली. मोठ्या कुटुंबांतील दारिद्र्य मात्र बळावले. २०२४ च्या जुलैत मर्यादा हटवण्याच्या बाजूने मत दिल्याबद्दल सत्ताधारी मजूर पक्षाने आपल्याच ७ खासदारांना संसदीय गटातून निलंबित केले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच सरकारने एप्रिल २०२६ पासून मर्यादा रद्द करण्याची घोषणा केली.

१६/ १९४६ चा भत्ता दुसऱ्या मुलापासून सुरू होई, २०१७ ची मदत दुसऱ्या मुलापाशी संपे. एका कायद्याला वाटले की पहिल्याचे वेतनात भागेल, दुसऱ्याला वाटले की तिसरे होऊच नये. सव्वादोनशे वर्षांचा पुरावा एकत्र ठेवला तर सरकारी पैशाने घरातील मुलांची संख्या फारशी हलत नाही, असेच बहुतेक वेळा दिसते. त्या मुलांच्या ताटात काय पडते, ते मात्र खात्रीने बदलते. 'पेलिकन' सराईतील तक्त्यात तिसऱ्या मुलाच्या नावापुढे दीड पाव लिहिलेला होता. त्याला जन्माला घालणे शहाणपणाचे होते का, असा रकाना त्या तक्त्यात नव्हता.