नागिणीचे तोंड आणि शेपूट

आमच्या आत्याबाईंना नागीण झाली, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बरगडीवरून निघालेली फोडांची ओळ पाठीकडे वळली होती. घरात एकच कुजबुज : तोंड आणि शेपूट जुळले की माणूस हाती लागत नाही. आत्याबाई रोज विचारीत, "बघ रे बाळ, किती बोटे अंतर राहिले?" मी मोजी आणि एक बोट वाढवून सांगे.

त्या बोटांचा हिशेब मला पुढे वैद्यकाच्या इतिहासात सापडला. मोठ्यांना नागीण झाली की घरातल्या मुलांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टच्या बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेरले. १९०० साली इंग्लंडमध्ये हेड आणि कॅम्बेल यांनी दाखविले, की मूळ बिघाड कातडीत नसून मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत असतो. पुढे अमेरिकेत वेलर यांना दोन्ही रोगांच्या फोडांत एकच विषाणू आढळला.

मग १९६५ साली सायरेन्सेस्टर या लहानशा इंग्रजी गावातील डॉक्टर होप-सिम्प्सन यांनी सोळा वर्षांतील १९२ रोग्यांच्या नोंदींवरून सांगितले, की कांजिण्यांचा विषाणू जातच नाही. तो त्या गाठीत निजून राहतो आणि वयोमानाने शरीराचा पहारा ढिला पडला की जागा होतो.

हा पहारा दिसतो कुठे? १८९१ साली कीलच्या क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांत सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्याची रीत सांगितली. निरोगी माणसाच्या त्या नितळ पाण्याच्या एका घनमिलिमीटरात फार तर पाच पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या बहुतेक जुन्या शत्रूची ओळख ठेवणाऱ्या. गाठीतला विषाणू उठला, की डोके दुखत नसतानाही पुष्कळ रोग्यांच्या पाण्यात या पेशींची गर्दी होते. कातडीवर नागीण दिसते. लढाई आत, मणक्याशी चालते.

आणि विषाणू उतरतो तो एका बाजूच्या मज्जातंतूवरून. म्हणून ओळ सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडीत नाही. तोंड-शेपूट जुळण्याची वेळच येत नाही!

आत्याबाई पुढे वीस वर्षे जगल्या. बरगडीची आग मात्र शेवटपर्यंत राहिली. आज लस आहे. फोड उठल्यापासून तीन दिवसांत सुरू करावयाची औषधे आहेत. त्या वेळी होता तो गेरूचा लेप आणि माझी बोटे.

कांजिण्या मलाही होऊन गेल्या आहेत. तोच पाहुणा माझ्याही मणक्याशी निजलेला आहे. म्हणून गेल्या वर्षी मी लस टोचून घेतली. घरी येताना आत्याबाईंची आठवण झाली. ते वाढवून सांगितलेले बोट खोटे असले, तरी त्यातला दिलासा खरा होता.