वर्ध्याहून काय आणलं?

विदर्भातल्या घरी वर्ध्याहून पाहुणा आला की पोरं आधी त्याच्या पिशवीकडे बघतात. पिशवीतून गोरसपाकाचा पुडा निघणार, हे ठरलेलंच असतं. जाड, गोल, वरून खडबडीत आणि खमंग तांबूस रंगाचं हे बिस्किट. बोटांनी जरा दाबलं की भुगा होतो, आणि पुडा उघडल्याबरोबर गाईच्या तुपाचा वास सगळ्या खोलीत पसरतो. लोणावळ्याची चिक्की, साताऱ्याचे कंदी पेढे, शेगावची कचोरी यांच्या पंगतीत गोरसपाक बसतो. चिक्की काय, कचोरी काय, मुळात गिऱ्हाइकाची भूक बघून केलेला माल. वाटसरू थांबला, भूक लागलेली होती, कुणीतरी त्याची सोय केली. गोरसपाकाचं कूळ वेगळं आहे. त्याची गोष्ट सांगायची तर आधी गाईची सांगावी लागते.

१९३४ च्या सुमाराला गांधीजी वर्ध्याला आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी आपला संत्र्यांचा बगीचा आणि बंगला त्यासाठी दिला, मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेचं नाव मगनवाडी पडलं. जे. सी. कुमारप्पा तिथे संघाचं काम बघत. त्या काळच्या वर्ध्यात माणसं काय खातात आणि ते कुठून येतं, हा सकाळ-संध्याकाळचा विषय होता. बैलघाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, जात्यावरची कणीक, मधमाशीपालन, असे प्रयोग चाललेले. गजानन नाईक ताडगुळाच्या मागे लागले होते. शिंदी-ताडाच्या रसाची ताडी होण्याऐवजी गूळ झाला तर गरिबाच्या घरात पैसाही येईल आणि गोडही येईल, असा त्यांचा हिशोब. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं ते याच सगळ्या उद्योगांच्या मांडणीसाठी. मला ही माहिती फार मोलाची वाटते, कारण वर्ध्याच्या बिस्किटाची चव याच हवेत तयार झाली आहे. गोड पदार्थ करायचा तो गावातल्या माणसाच्या हाताला काम आणि मालाला भाव मिळावा म्हणून, हा विचार तेव्हा इथे अगदी साधा, रोजचा होता.

गांधीजी स्वतः गाईचं दूध घेत नसत. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. पुढे १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर कस्तुरबांनी मार्ग काढला, व्रत घेताना गाय-म्हैसच डोळ्यांसमोर होती, मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत आहे? तेव्हापासून शेळी. पण गाय वाचवायची कशी, या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. नुसत्या घोषणांनी आणि दानधर्माच्या पांजरपोळांनी ती वाचत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. १९२७ साली बंगळुरूच्या सरकारी डेअरी संस्थेत जाऊन ते गोपालनाचे धडे समजून घेत होते, तेव्हा त्यांची साठी जवळ आलेली होती. पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या गोशाळेत यशवंत महादेव पारनेरकर आणि बलवंतसिंह यांनी हे काम हातात घेतलं. गाय शेतकऱ्याला परवडली पाहिजे, तिचं दूध, शेण, मूत्र, मेल्यावर कातडं, सगळं उपयोगात आलं पाहिजे, मग ती आपोआप टिकेल, असं या मंडळींचं म्हणणं.

आणि इथेच घोडं अडत होतं. म्हशीच्या दुधात साधारण सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधात चारच्या आसपास. दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरणार, म्हणजे गोपालक सुरुवातीलाच मागे. तुपाचंही तेच. म्हशीच्या चौदा-पंधरा लिटर दुधात किलोभर तूप निघतं, गाईचं दूध पंचवीस लिटर तरी लागतं. शिवाय बाजारात पांढऱ्याशुभ्र, रवाळ, घट्ट तुपाची चाहत. गाईचं तूप पिवळं आणि मऊ, वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर ते पाण्यासारखं पातळ होतं. गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

अशा वेळी जमनालालजी तुरुंगातून सुटून आले ते तब्येत खालावलेल्या अवस्थेत. गांधीजींनी त्यांच्यावर गोसेवेचं काम सोपवलं. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघ स्थापन झाला. देशातल्या मोठ्या व्यापाऱ्यांपैकी एक असलेला हा माणूस वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून राहायला गेला. संघाच्या सभासदाला एक बंधन होतं: दूध-तूप घ्यायचं ते गाईचंच, आणि चामडं वापरायचं ते मेलेल्या जनावराचंच. फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला वर्ध्यात गोसेवेची परिषद झाली, गांधीजी बोलले, आणि लगेच ११ फेब्रुवारीला जमनालालजी अकस्मात गेले. जानकीदेवींनी नंतर संघाची धुरा घेतली. पुतणे राधाकृष्ण बजाज यांनी तर पुढचं आयुष्य गोसेवेला वाहिलं. गोपुरीत आज गीताई मंदिर आहे. विनोबांच्या गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळांच्या रांगा वरून पाहिल्या तर गाईचा आणि चरख्याचा आकार दिसतो.

संघाच्या सभासदाचा गाईच्याच दुधा-तुपाचा नियम जरा नीट बघण्यासारखा आहे. गाईचंच तूप खायचं ठरवलेला माणूस बाजारातली मिठाई खाऊ शकत नाही, कारण ती कुठल्या तुपात तळली-भाजली हे कोण सांगणार? म्हणजे एकीकडे शुद्ध गोतुपाचा पदार्थ हवा असलेली माणसं, दुसरीकडे गावागावांतून गोळा होणारं आणि उठाव नसलेलं गाईचं दूध. या दोन टोकांना जोडणारी संस्था म्हणजे वर्ध्याचं गोरस भांडार. आसपासच्या खेड्यांतल्या गोपालकांकडून गाईचंच दूध घ्यायचं आणि ते शहरात विकायचं, हे तिचं मूळ काम. दूध उरलं तर त्याचं तूप होतं. आणि तुपाला भाव मिळावा असा पदार्थ म्हणजे गोरसपाक.

त्याची कृती कुणालाही कळेल इतकी सोपी आहे: कणीक, गाईचं तूप, साखर. हात मात्र बसलेला हवा. शंकरपाळ्यांना मोहन घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं की तुपात चोळलेल्या पिठाचा मुटका वळला पाहिजे. पिठाच्या कणाकणाला तूप लागलं की त्यात पाणी शिरत नाही, कणकेला चिवटपणा येत नाही, आणि भाजल्यावर पदार्थ भुसभुशीत राहतो. जे गाईचं मऊ तूप बाजारात कमअस्सल ठरत होतं, तेच इथे कामाला आलं, कारण ते पिठात सहज मुरतं. भाजताना तुपाचा पिवळेपणा आणि कणकेचा तांबूसपणा एकमेकांत मिसळून तो खास रंग येतो. सुरतेच्या नानखटाईचा हा चुलतभाऊ म्हणता येईल, पण नानखटाई मैद्याची, हलकी, जिभेवर विरघळणारी. गोरसपाक कणकेचा, दणकट, एक खाल्ला तरी पोटाला आधार देणारा. कोरडा असल्यामुळे तो बरेच दिवस टिकतो. प्रवासाचा खाऊ होण्याची सगळी लक्षणं त्याच्या अंगी सुरुवातीपासून होती.

प्रवासी आपोआप मिळाले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली तेव्हापासून वर्धा त्या मार्गावर. पुढे बल्लारशाकडचा फाटा निघाला आणि ते जंक्शन झालं. सेवाग्रामला येणाऱ्यांची रीघ कधी थांबली नाही. (या गावाचं मूळ नाव सेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० साली नाव बदललं. त्याच रेल्वेमार्गावरच्या शेगावची कचोरी आज गाडीत येते, आणि सेवाग्रामच्या आठवणीसोबत गोरसपाक.) आश्रम, विनोबांचं पवनार, गोपुरी बघून परत निघालेल्या माणसाला घरच्यांसाठी काहीतरी न्यायचं असतं. चरखा सगळ्यांना नेता येत नाही.

आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या जीपने यवतमाळहून नागपूरला जायचं, तर रस्ता देवळी, वर्धा, पवनार, सेलू, केळझर असा. सगळ्या वाटेवर छोटी छोटी दुकानं लागायची. फळीवर काचेच्या बरण्या, त्यांना पत्र्याची झाकणं. लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या साखर लावलेल्या गोळ्या, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, बोरकूट, रावळगावचं चॉकलेट. दुकानदार बरणीत हात घालून मोजून गोळ्या काढायचा आणि वर्तमानपत्राच्या तुकड्याची पुडी करून द्यायचा. सेलूच्या आसपास केळीच्या बागा होत्या, तिथे जीप थांबली की मामा फणीच्या फणी घ्यायचा. केळझरला गणपतीचं दर्शन. वर्ध्यात मात्र गोरस भांडार चुकायचं नाही. दुधाच्या कॅन धुतल्यावर ओल्या फरशीला जो वास येतो तो तिथे कायम असायचा. काउंटरवरचा माणूस विचारायचा, "दोन पुडे बांधून देऊ का जी?" मामी जीपमध्ये बसल्या बसल्या वाटणी करायची आणि प्रत्येकाला बजावायची, "पाणी जवळ घेऊन बस, नाही तं ठसका लागीन." तो ठसका लागायचाच. गोरसपाक तोंडात भरला की बोलता येत नाही, इतका तो कोरडा. जीपच्या सीटवर पडलेला भुगा आम्ही बोटाने टिपून खायचो.

त्या बरण्यांची दुकानं आता जवळजवळ संपली. जी आहेत त्यांच्या दारावर प्लास्टिकच्या पुड्यांच्या माळा लोंबतात, देवळीत जी तीच केळझरला आणि तीच बडनेऱ्याला. मला त्या दुकानांची आठवण मनापासून येते. पण त्यांच्या फळीवरचा जवळपास सगळा माल बाहेरून येत होता, हेही खरं. गोळी तिथे बनत नव्हती, तिचा पुरवठा बदलला तेव्हा गावात कुणाचंच अडलं नाही. गोरसपाकाचं तसं नाही. गावोगावच्या गोठ्यांत रोज सकाळी गाय दूध देते, आणि त्या दुधाचं काहीतरी करावंच लागतं. हा दट्ट्या मागे असल्यामुळे तो टिकला, असं माझं ठाम मत आहे.

याला सातासमुद्रापलीकडचं एक उदाहरण चपखल लागू पडतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ईस्टमन गावी स्टकी नावाच्या माणसाने १९३७ साली रस्त्याच्या कडेला पिकानचे दाणे विकायला सुरुवात केली. अक्रोडाच्या कुळातलं हे फळ तिथे मुबलक होतं. बायको एथेलने त्या दाण्यांची मिठाई करून दिली आणि ती दाण्यांपेक्षा जास्त खपली. पुढे हमरस्त्यांवर स्टकीजची शेकडो दुकानं झाली. गाडीने सहलीला निघालेल्या तिकडच्या एका अख्ख्या पिढीच्या आठवणींत ती आहेत. १९६४ साली धंदा एका मोठ्या कंपनीकडे गेला आणि दुकानं मिटत गेली. २०१९ मध्ये स्टकीच्या नातीने तो परत विकत घेतला आणि पुन्हा दाण्यांच्या मिठाईकडे वळली. वर्ध्यात दूध, जॉर्जियात दाणे. माल आधी, खाऊ नंतर.

म्हणूनच गोरसपाकाची काळजी करायची तर गोठ्याकडे बघावं लागेल. वर्धा जिल्ह्याची स्वतःची एक गाय आहे, गवळाऊ. आर्वी, कारंजा, आष्टी या डोंगराळ तालुक्यांतली. पांढरी, अंगाने हलकी, लांबट तोंडाची, पायांनी चपळ. नंद गवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मराठ्यांच्या फौजा डोंगरातून सामान हलवायला याच जातीचे बैल वापरत, असं सांगतात. तिचा गोऱ्हा शेतात आणि बंडीला फार कामाचा, पण गाय दुधाला बेताची. संकरित गाई आल्या, ट्रॅक्टर आले, कुरणं आटली आणि गवळाऊ मागे पडली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे, तिथे ही जात राखली जाते. पण केंद्रात राखलेली गाय आणि शेतकऱ्याला परवडणारी गाय यांत फरक आहे. गांधीजी आणि जमनालालजी जो हिशोब मांडत होते तो नेमका हाच. गवळाऊच्या दुधाला तिच्या नावाने वेगळा, चढा भाव देऊन तिच्या तुपाचा गोरसपाक करता आला, तर लोक चार पैसे जास्त देऊन घेतील. मी तरी घेईन.

रस्ताही आता बदलला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो वर्धा जिल्ह्यातून जातो, पण गावांना न शिवता. दोन्ही बाजूंना कुंपण, वाटेत हवी तिथे गाडी लावून पुडा घ्यायची सोय नाही. वर्ध्याला यायचं तर येळाकेळीला खाली उतरायचं. नागपूरहून मुंबईकडे भरधाव निघालेली किती कुटुंबं त्यासाठी उतरतील? या महामार्गासाठी सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. जिल्ह्याच्या हद्दीत जिथे जिथे गाड्या थांबतात तिथे तिथे एक काउंटर गोरस भांडारासाठी आणि आसपासच्या गोपालकांसाठी राखून ठेवायला हवा, माफक भाड्यात. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी हे मागून घ्यावं, रस्ते महामंडळाने द्यावं. दूध तर रोज सकाळी येतंच आहे.