स्वयंसूचना आणि स्मरण

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे विद्यार्थ्यांकडून आम्हांस एक प्रश्न हटकून विचारला जातो : स्वसंमोहनानें स्मरणशक्ति वाढते, हें खरें काय? कोणी एखादें पुस्तक वाचलेलें असतें. कोणी ध्वनिमुद्रित सूचना कानाशीं लावून रात्रीं निजत असतो. आणि कित्येकदां विचारणारा विद्यार्थी नसून त्याचे वडील असतात. या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. या विद्येचा इतिहास दोनशें वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्याच्या ऐन आरंभीं आपल्या गोमंतकाचा एक सुपुत्र उभा आहे. तेव्हां उत्तर शोधावयाचें तें त्या इतिहासांतच शोधावें, असें आम्हांस वाटतें.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रांत्स मेस्मर या वैद्यानें पॅरिस शहर वेडें करून सोडलें होतें. सर्व विश्वांत एक चुंबकीय द्रव भरून राहिला आहे, आणि तो आपल्या हातांतून रोग्याच्या देहांत सोडतां येतो, असें त्याचें म्हणणें. १७८४ सालीं सोळाव्या लुईनें या प्रकाराच्या चौकशीसाठीं मंडळ नेमलें. त्यांत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लावाझिए हे होते. रोग्यांचे डोळे बांधून त्यांनीं प्रयोग केले, तेव्हां द्रव सोडला असतां कांहीं होईना, आणि न सोडतां 'सोडला' असें सांगितलें कीं रोग्याला झटके येऊं लागत! हा द्रव अस्तित्वांत नाहीं, घडतें तें कल्पनेनें घडतें, असा निर्णय मंडळानें दिला. मेस्मरचा पाडाव झाला खरा. पण नुसत्या कल्पनेनें एवढें घडत असेल तर ती कल्पना आहे तरी काय, हा प्रश्न तसाच उरला.

तो हातीं घेतला आबे फरियानें. जोझे कुस्तोदिओ दे फरिया याचा जन्म १७५६ सालीं बार्देशांतील कांदोळी गांवीं झाला. १७७१ मध्यें तो वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोममध्यें शिकून धर्मोपदेशक झाला, आणि पुढें पॅरिसांत स्थायिक झाला. तेथें १८१३ पासून तो जाहीर प्रयोग करूं लागला. माणसाला खुर्चीवर बसवावें, डोळे मिटून झोंपेवर चित्त एकाग्र करावयास सांगावें, आणि मग एकदम मोठ्यानें 'निजा!' अशी आज्ञा करावी, ही त्याची रीत. चुंबक नाहीं कीं द्रव नाहीं. निद्रा येते ती निजणाऱ्याच्या ठायीं असलेल्या शक्तीनें, निजविणाऱ्याच्या सामर्थ्यानें नव्हे, हा त्याचा सिद्धान्त; आणि या अवस्थेला त्यानें नांव दिलें तें 'एकाग्रता' हेंच. १८१६ सालीं एका नटानें निद्रेचें सोंग करून भर सभेंत त्याची फजिती केली, आणि पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टवाळी झाली. १८१९ सालीं त्याचें पुस्तक निघालें आणि त्याच वर्षीं तो वारला.

फरियाविषयीं गोव्यांत एक आख्यायिका सांगतात. लिस्बनच्या राजमंदिरांत राणीसमोर प्रवचन करावयास तो उभा राहिला आणि पाठ केलेलें सर्व विसरला. तेव्हां खालीं बसलेल्या वडिलांनीं हळूच कोंकणींत म्हटलें, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोर बसले आहेत ते राजेरजवाडे नव्हेत, भाजी आहे! पोराची भीति पळाली आणि वाणी धों धों वाहूं लागली. आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु तिच्यांत जें मर्म आहे त्याचा प्रत्यय आम्हांस तोंडी परीक्षा घेतांना अनेकदां आलेला आहे. वडिलांच्या शब्दांनीं मुलाच्या डोक्यांत एक अक्षरही नवें घातलें नाहीं; दाराला लागलेली भीतीची कडी तेवढी काढली.

फरियाचा हाच विचार पुढें मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शस्त्रवैद्यानें स्वतंत्रपणें शास्त्रीय पायावर आणला. त्याचा ग्रंथ १८४३ सालचा. विसाव्या शतकांत फ्रान्सांतील एमील कुए या औषधविक्रेत्यानें स्वयंसूचना घरोघर पोंचविली. वीस गांठींची दोरी घेऊन, एकेका गांठीवर बोट सरकवीत, आपण दिवसेंदिवस सुधारत आहों असें सकाळसंध्याकाळ घोकावें, असा त्याचा उपदेश. आमच्या वाचकांस यावरून जपमाळेची आठवण होईल. एखादें नांव आठवत नसेल तर 'विसरलों' असें न म्हणतां 'आठवेल' असें म्हणावें, म्हणजे तें आपोआप आठवतें, असेंही तो सांगे. यांत तथ्य आहे. मात्र तें नांव पूर्वीं ठाऊक असलें पाहिजे!

येथेंच सध्यांच्या जाहिराती घसरतात. भीति व अस्वस्थता कमी करण्यास स्वसंमोहनाचा उपयोग होतो. पण स्मरणाची गोष्ट निराळी. संमोहनांत साक्षीदाराला विसरलेलें आठवतें, अशा समजुतीनें अमेरिकेंत त्याचा उपयोग पोलीस-तपासांत होऊं लागला. १९८५ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें बजावलें कीं अशा आठवणींत कल्पित भाग मिसळतो आणि त्या अधिक विश्वसनीय ठरत नाहींत. खोट्या आठवणीवर निरपराध्यास शिक्षा होऊं शकते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा राहत नाहीं. १९९१ सालीं ग्रीनवाल्ड आदि मानसशास्त्रज्ञांनीं गुप्त सूचनांच्या ध्वनिफिती तपासल्या. कांहीं फिती स्मरणशक्तीच्या, कांहीं आत्मविश्वासाच्या. पण निम्म्यांवरील चिठ्ठ्या मुद्दाम अदलाबदल केलेल्या. आंतल्या मजकुराचा परिणाम दिसला नाहीं. मात्र चिठ्ठीवर लिहिलेला गुण आपल्यांत वाढला, असा भास तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांस झाला. १७८४ सालचीच ही पुनरावृत्ति नव्हे काय?

मग विद्यार्थ्यानें करावें काय? २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी यांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांस आठवड्यानंतर त्यांतील सुमारें ४० टक्के भाग आठवला. एकदां वाचून मग पुस्तक मिटून तीनदां आठवून पाहणाऱ्यांस ६१ टक्के. आमचे वैदिक पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं तेच शब्द उलटसुलट म्हणत संहिता जतन करीत आले, तेंही श्रमानेंच. अभ्यासापूर्वीं दोन घटका डोळे मिटून मन शांत करावें, यास आमची हरकत नाहीं. पण त्यानंतर पुस्तक उघडावें, आणि मिटून आठवून पाहावें.

पणजीस फरियाचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला हा पुतळा १९४५ सालीं उभारला गेला. निद्रिस्त स्त्रीवर हात पसरून आबे उभा आहे. पाहणाऱ्याची दृष्टि त्या हातांवर खिळते. फरिया स्वतः असता तर त्यानें त्या निजलेल्या स्त्रीकडे बोट दाखविलें असतें.